पंधरा शिलिंगांचं जेवण

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘ज्ञान कुणाचं?’ या प्रश्नाची तात्त्विक बाजू पाहिली. आज इतिहासाची बाजू पाहायची आहे, आणि इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांचा नव्हे, खर्चाचा. विद्वानांच्या सभेत जाऊन बसायला किती पैसे पडतात, एवढाच आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाने हिशेबाच्या वहीत डोकं का घालावं, असं कुणी विचारील. त्याला कारण आमचे एक स्नेही आहेत.

हे गृहस्थ तलाठी म्हणून निवृत्त झाले. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. नोकरीत असताना विहिरींच्या नोंदी करता करता त्यांना दगडांचा नाद लागला. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे लाव्हाचे थरावर थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. एक लाव्हा थंड झाल्यानंतर आणि दुसरा येण्याआधी जो काळ गेला, त्याची ती खूण. नवी विहीर खणली की हे काठावर हजर. तांबडा पट्टा किती हातांवर लागला, त्याच्या वर काय, खाली काय, गारगोट्या कसल्या निघाल्या, सगळं वहीत. शंभराहून अधिक विहिरींची अशी नोंद त्यांच्याकडे आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच विहिरी आता सिमेंटने बांधून काढल्यामुळे तो थर पुन्हा कुणाला दिसायचा नाही.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात भूविज्ञानाची परिषद भरणार होती. हे टिपण तिथे मांडावं असं त्यांच्या मनात आलं. नोंदणीचा अर्ज भरायला ते आमच्याकडे आले, कारण संगणकाशी आमचं जरा बरं जमतं असा त्यांचा गैरसमज आहे. अर्जात वर्ग होते: सभासद, बिगर-सभासद, विद्यार्थी, परदेशी प्रतिनिधी आणि ‘सोबतची व्यक्ती’. ‘संस्था’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. तलाठी कार्यालय लिहावं तर ते निवृत्त. बिगर-सभासदाचं शुल्क त्यांच्या निम्म्या महिन्याच्या पेन्शनएवढं, वर प्रवास आणि तीन रात्रींचं लॉज. सगळ्यांत स्वस्त वर्ग ‘सोबतची व्यक्ती’. त्यात शहरदर्शन होतं, रात्रीचं जेवण होतं, एक पिशवी होती. नव्हतं ते फक्त व्याख्यानांना बसणं.

स्नेही म्हणाले, “सर, म्हणजे जेवायला चालतंय, ऐकायला नाही.”

त्या वाक्याने आम्हाला एकदम दोनशे वर्षं मागे नेलं, कारण या शास्त्राची पहिली संस्था जेवणाच्या टेबलावरच जन्माला आली आहे.

१३ नोव्हेंबर १८०७. लंडनमधल्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरची फ्रीमेसन्स टॅव्हर्न. काही मंडळी संध्याकाळी जेवायला जमली आणि तिथे ‘जिऑलॉजिकल सोसायटी’ स्थापन झाली. संस्थापक म्हणून तेरा जणांची नावं घेतली जातात. त्यांत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही होते. ज्यांच्या नावाने आपण कंपवाताचा आजार ओळखतो ते डॉक्टर जेम्स पार्किन्सन होते. श्रीमंत जॉर्ज ग्रीनो पुढे पहिले अध्यक्ष झाले. यांतला पगारी भूवैज्ञानिक कोण? कुणीच नाही. तसा व्यवसायच तेव्हा नव्हता. सगळे हौशीच. ‘हौशी’ हा शब्द आज आपण जरा खालच्या पट्टीत वापरतो ना, तो खालचा अर्थ फार नंतरचा आहे. तेव्हा फरक हौशी आणि व्यावसायिक असा नव्हता, ज्याच्या खिशात आहे आणि ज्याच्या खिशात नाही, असा होता.

जेवण पाच वाजता टेबलावर, आणि माणशी आकार पंधरा शिलिंग.

आता पंधरा शिलिंग म्हणजे किती? वीस शिलिंगांचा एक पौंड, एकवीस शिलिंगांची एक गिनी. पण यावरून काही कळत नाही, मजुरीशी ताडून पाहायला हवं. डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या शेतमजुरांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. संघटना बांधली म्हणून १८३४ साली त्यांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलं. त्यांचं भांडण होतं आठवड्याला सात शिलिंगांची मजुरी सहावर आणण्याबद्दल. म्हणजे सोसायटी स्थापन होऊन सत्तावीस वर्षं झाल्यावरही डॉर्सेटच्या मजुराला त्या एका जेवणासाठी दोन आठवड्यांहून जास्त राबावं लागलं असतं. हा डॉर्सेट परगणा लक्षात ठेवा, त्याच्याशी आपलं अजून काम आहे.

त्या मंडळींना आम्ही खलनायक ठरवत नाही आहोत. माणसं प्रामाणिक होती. पुस्तकी तर्क बाजूला ठेवून आधी वस्तुस्थिती गोळा करू, ही त्यांची भूमिका आमच्यासारख्या तर्कावर पोट भरणाऱ्यालाही पटते. पण वस्तुस्थिती गोळा कोण करणार? तर १८०८ साली त्यांनी एक प्रश्नावली छापली आणि देशभर फुकट वाटली. खाणकामगार, दगड फोडणारे, जमीन मोजणारे, प्रवासी, सगळ्यांकडून माहिती मागवली. लंडनबाहेरच्या जाणकारांना वर्गणी न घेता मानद सभासद केलं. म्हणजे माहिती आत यायला पैसे नाहीत. माहितीवर जिथे चर्चा होणार, अर्थ लावला जाणार, त्या टेबलाशी बसायला मात्र पैसे आहेत. आमच्या मते आजच्या विषयाची सगळी अडचण या व्यवस्थेत सापडते.

भारतीय न्यायशास्त्रात शब्दप्रमाणाची चर्चा आहे. कुणाचं सांगणं प्रमाण मानावं? आप्ताचं. आप्त कोण? वात्स्यायन भाष्यात म्हणतात, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. आणि लगेच पुढे सांगतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू आहे. तिथे कुळ नाही, पदवी नाही, वर्गणी तर नाहीच. (हे व्याख्येत आहे बरं का, आपल्या इतिहासात ते किती पाळलं गेलं हा निराळा आणि अवघड विषय.)

या कसोटीवर १८०७ च्या इंग्लंडात भूविज्ञानातला पहिला आप्त कोण, असं विचारलं तर नाव येतं विल्यम स्मिथ यांचं. लोहाराचा मुलगा. शिक्षण गावच्या शाळेपुरतं. कालवे आणि कोळशाच्या खाणींची मोजणी हा धंदा. सॉमरसेटमध्ये कालवा खणताना त्यांच्या ध्यानात आलं की प्रत्येक थरातली जीवाश्मांची जात ठरलेली असते, आणि त्यावरून कुठलाही थर कुठेही ओळखता येतो. १८१५ साली त्यांनी इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूनकाशा प्रसिद्ध केला. जवळजवळ एकट्याने, देशभर पायपीट आणि घोडागाडीचे धक्के सोसून, पदरमोड करून. सोसायटीने त्यांना सभासद केलं नाही. त्यात वर्गाचा भाग किती आणि पैशाचा किती, यावर इतिहासकार वाद घालतात. आम्हाला विचाराल तर त्या काळी या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. ग्रीनो यांच्या पुढाकाराने सोसायटीने स्वतःचा नकाशा काढायला घेतला, तो १८२० मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी स्मिथ कर्जापायी किंग्ज बेंच तुरुंगात होते.

आता पुन्हा डॉर्सेट. लाइम रेजिस नावाचं समुद्रकाठचं गाव, आणि तिथल्या सुताराची मुलगी मेरी ॲनिंग. बाप लवकर गेला, डोक्यावर कर्ज. पावसाळी वादळात कडे ढासळले की ही पोर किनाऱ्यावर जाऊन जीवाश्म वेचायची आणि विकायची. इक्थिओसॉरचा सांगाडा काढला तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. १८२३ साली तिने प्लेसिओसॉरचा जवळपास अखंड सांगाडा काढला. फेब्रुवारी १८२४ मध्ये कोनिबेअर यांनी त्यावर सोसायटीच्या बैठकीत निबंध वाचला. बैठकीत मेरी नव्हती, आणि निबंधात तिचं नावही नव्हतं.

तिने पैसे भरले असते तरी आत घेतलं नसतं, हे खरं. स्त्रियांना पाहुण्या म्हणून बैठकीला येऊ द्यायला सोसायटीने १९०४ उजाडवलं आणि सभासद करायला १९१९. पण शास्त्रात भाग घ्यायचा खर्च फक्त दारावर लागत नाही. मेरीला छापील निबंध विकत घेणं परवडत नसे. ती ते मागून आणायची आणि हाताने उतरवून काढायची, आकृत्यांसकट. तिच्या हातच्या या नकला पाहिलेले लोक सांगतात की मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे पटकन कळत नाही. पुढे साठवलेला पैसा बुडाला, तेव्हा बकलँड यांच्या खटपटीने तिला वर्षाला पंचवीस पौंडांची नेमणूक मिळाली. भागाकार केला तर आठवड्याला साडेनऊ शिलिंग. टॉलपडलच्या मजुरापेक्षा बरं, एवढंच.

१८३१ साली एक चांगली गोष्ट झाली. यॉर्क शहरात ‘ब्रिटिश असोसिएशन’ची पहिली सभा भरली. कल्पना अशी, की विज्ञानाची सभा लंडनला चिकटून राहायची नाही, दर वर्षी नव्या गावी जायची. यॉर्क, ऑक्सफर्ड, केंब्रिज, एडिंबरा, डब्लिन, ब्रिस्टल. आपल्याकडे साहित्य संमेलन गावोगाव फिरतं तसं म्हणा. वर्गणी वर्षाला एक पौंड. जिऑलॉजिकल सोसायटीच्या मानाने पुष्कळ कमी, मजुराच्या मानाने तीन आठवड्यांची कमाई. पण मुख्य बचत वर्गणीत नव्हती, प्रवासात होती. रेल्वेचं जाळं अजून यायचं होतं. घोडागाडीने लंडन ते यॉर्क म्हणजे साधारण एक दिवस आणि एक रात्र, शिवाय वाटेतलं खाणं, सरायांचे दर, गाडीवानाची बक्षिशी. सभा आपल्या गावी आली तर हे सगळं वाचतं.

यॉर्कच्या सभेची जुळवाजुळव करणाऱ्यांत एक तरुण होता, जॉन फिलिप्स. हा विल्यम स्मिथ यांचा भाचा. लहानपणी आईवडील गेले, मामाने वाढवला, मामाबरोबर भटकून दगड शिकला. ज्या संस्थेने मामाला आत घेतलं नाही, त्याच जिऑलॉजिकल सोसायटीचा हा पुढे अध्यक्ष झाला. मामालाही १८३१ मध्ये सोसायटीने आपलं पहिलं वॉलस्टन पदक जाहीर केलं आणि अध्यक्ष सेजविक यांनी त्यांना इंग्लिश भूविज्ञानाचे जनक म्हटलं. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या सभेत राजाकडून वर्षाला शंभर पौंड पेन्शन जाहीर झालं. म्हातारपणी का होईना, स्मिथ सभांना जाऊ लागले. डब्लिनच्या सभेत त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली. १८३९ ची सभा बर्मिंगहॅमला होती. निघाले, वाटेत नॉर्दम्प्टनला स्नेह्यांकडे उतरले, तिथे सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि २८ ऑगस्टला ते गेले. वय सत्तर. आम्ही आता त्या वयाच्या पुढे आहोत, त्यामुळे व्याख्यानाला बोलावणं आलं की घरातून आधी स्वेटर पिशवीत पडतो. असो.

ऑक्सफर्डच्या त्याच १८३२ च्या सभेत स्त्रियांनी निबंधवाचनाला येऊ नये असं बकलँड यांचं मत पडलं. स्त्रिया आल्या तर सभा गंभीर राहायची नाही, म्हणे. मेरीला नेमणूक मिळवून देणारे बकलँड ते हेच. माणसं अशी मिश्र असतात.

पण १८३८ साली न्यूकॅसलला जे झालं ते आम्हाला फार आवडतं. खाणींचा मुलूख. सभेच्या दिवसांत सेजविक टाइनमथच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि उघड्यावर उभं राहून बोलू लागले. हजारो लोक जमले, त्यांत कोळशाच्या खाणीत राबणारे पुष्कळ. तिकीट नाही, संस्थेचा रकाना नाही. ज्या दगडांत ती माणसं रोज वाकून काम करत होती ते दगड कसे तयार झाले, हे केंब्रिजचा प्राध्यापक त्यांना सांगत होता. एकच खंत वाटते. त्या दिवशी बोलले सेजविक आणि ऐकलं खाणकामगारांनी. उलटं झालं असतं तर सेजविकनाही दोन गोष्टी कळल्या असत्या.

तसं उलटंही कधीकधी होई. चार्ल्स पीच हे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर चोरटी आयात पकडणाऱ्या खात्यातले साधे नोकर. तुटपुंजा पगार, घरात पोरांचं लेंढार. फावल्या वेळात जीवाश्म आणि समुद्री जीव गोळा करायचे. १८४१ ची सभा प्लिमथला, म्हणजे त्यांच्या शेजारीच भरली, आणि तिथे त्यांनी कॉर्नवॉलच्या जीवाश्मांवर निबंध वाचला. सभा फिरती नसती तर हे कदाचित घडलंच नसतं. एकदा आत पाऊल पडल्यावर मात्र ते लांबच्या सभांनाही जात राहिले. १८४४ साली यॉर्कला ते होते, आणि तिथे त्यांना पाहून रॉबर्ट चेंबर्स यांनी आपल्या नियतकालिकात या गरीब नोकरदार संशोधकाबद्दल मोठ्या जिव्हाळ्याने लिहिलं. त्यांचा मुलगा बेन पीच स्कॉटलंडच्या भूविज्ञानातलं मोठं नाव.

आता जे गेलेच नाहीत, त्यांच्याबद्दल. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला थर्सो गाव आहे. तिथे रॉबर्ट डिक नावाचा पावरोटीवाला होता. पहाटे भट्टी लावायची, माल निघाला की हातोडी घेऊन डोंगर आणि किनारा पालथा घालायचा. मैलोनमैल पायी. त्याने काढलेले माशांचे जीवाश्म ह्यू मिलर यांच्या लिखाणाला कामी आले. १८५८ मध्ये मर्चिसन, म्हणजे त्या काळचा भूविज्ञानाचा सुभेदारच, त्याला भेटायला थर्सोला गेला. डिकने फळीवर पीठ पसरलं आणि बोटांनी त्या परगण्याचे डोंगर, दऱ्या, थर सगळं उठवून दाखवलं. त्याच वर्षी लीड्सच्या सभेत मर्चिसन यांनी ही हकिगत सांगून डिकचं तोंडभरून कौतुक केलं.

डिक तेव्हा थर्सोत रोट्या भाजत होता. वर्गणी एक पौंड, ती कुणीतरी भरलीही असती. पण आठ-दहा दिवस भट्टी बंद ठेवली तर गिऱ्हाईक दुसऱ्या पावरोटीवाल्याकडे जातं, आणि गेलेलं परत येत नाही. परिषदेच्या खर्चात हा बुडालेला दिवस कुठल्याच वहीत मांडलेला नसतो. पगारी प्राध्यापकाला सभेला गेलं तरी पगार चालू असतो, वर भत्ता मिळतो. आम्हीही तो घेतला आहे, खोटं कशाला बोला? हातावर पोट असणाऱ्याला मात्र सभा दोनदा पडते, जाण्याचा खर्च आणि न कमावल्याचा खर्च. पुढे डिकने मागवलेलं पीठ जहाज फुटून बुडालं आणि ते देणं भागवायला त्याला आपले जीवाश्म विकावे लागले. १८६६ च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा गावाने त्याची मोठी अंत्ययात्रा काढली.

लीड्सच्या त्या सभेच्याच वर्षी, डिसेंबर १८५८ मध्ये, लंडनला ‘जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन’ निघाली. ही मुद्दाम हौशी लोकांची. वर्गणी हलकी, स्त्रियांना पहिल्यापासून प्रवेश. आणि सभागृहापेक्षा सहलींवर भर. १८६० साली पहिली सहल फोकस्टनला गेली. आता रेल्वे आली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी निघायचं, दिवसभर कडे पाहायचे, संध्याकाळी घरी. रोजी बुडत नाही. कारकून, दुकानदार, शिक्षक यांना झेपेल असा हा तोडगा निघाला, आणि तो इतका पक्का होता की ती संस्था आजही चालू आहे.

आपल्या मातीतलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी होते, तिथलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मप्रसार ही नोकरी, दगड ही हौस. सहकारी हंटर यांच्यासह नागपूरच्या परिसरातले थर आणि जीवाश्म यांवर त्यांनी टिपणं केली, ती लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत पोचली आणि १८५५ साली तिच्या नियतकालिकात छापली गेली. मांगलीच्या वालुकाश्मातून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये बसून केलं. हिस्लॉप नागपुरात. नागपूरहून लंडनच्या बैठकीला जायचं म्हणजे महिनोन्‌महिने. त्यामुळे त्यांची परिषद टपालाने चाले, एका प्रश्नाला उत्तर यायला काही महिने. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून बोरीकडे परतताना, रात्री पुराच्या पाण्यात ते बुडाले. आणि त्यांना ‘साहेब, असला दगड तिकडे निघतो’ असं सांगणारे गावकरी जे असतील, ते लंडनच्या छापील पानापासून हिस्लॉप यांच्याहूनही एक पायरी लांब होते.

आज एक गोष्ट बदलली आहे, ती सांगायला हवी. आंतरराष्ट्रीय भूविज्ञान काँग्रेस १९६४ साली दिल्लीत भरली होती. पुन्हा दिल्लीत भरायची होती ती २०२० मध्ये, पण साथ आली आणि अखेर २०२२ च्या मार्चमध्ये ती पडद्यावर झाली. पडद्यावर प्रवास लागत नाही, लॉज लागत नाही, भट्टीही बंद ठेवावी लागत नाही. पण दगड हातात घेता येत नाही. या शास्त्रात ते फार मोठं उणं आहे, असं आमचे स्नेही सांगतात आणि आम्ही ते मानतो.

त्या स्नेह्यांचं काय झालं ते राहिलंच. त्याच परिषदेत विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर बोलायला आम्हाला बोलावलं होतं, त्यामुळे आमच्या नावावर एक ‘सोबतची व्यक्ती’ फुकट होती. आमच्या घरून कुणी येणार नव्हतं. तेव्हा तलाठीसाहेब आमची सोबतची व्यक्ती म्हणून आले. गळ्यात तसा बिल्ला. शहरदर्शनाच्या बसमध्ये ते बसले नाहीत. आम्ही भाषण करत होतो तेव्हा ते बाहेर, जिथे भिंतींवर तक्ते लावतात त्या दालनात, वही घेऊन फिरत होते. तिथे पीएच.डी. करणारी एक मुलगी लाव्हाच्या थरांचा तक्ता लावून उभी होती. तिच्या तक्त्यात एका तालुक्याच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. यांनी वही उघडून तिच्यासमोर धरली. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती मुलगी मोबाइलवर पानापानाचे फोटो काढत होती, आणि हे तिला, “बाई, ही विहीर पाटलाची, ती मोजू नका, तिथे मी स्वतः उतरलो नव्हतो,” असं सांगत होते.

रात्रीच्या जेवणाचं कूपन त्यांनी आम्हाला परत दिलं. शेवटची एस.टी. साडेसातला होती.